झील धरायला जागा: पहिल्या पार्टी अल्बमच्या कामाच्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२४

काल मिरजेची विसर्जन मिरवणूक बारापर्यंत पाहिली. डॉल्बीसमोर (आमच्याकडे स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात, मग आतलं मशीन कुणाचंही असो) छाती हादरते, पण माणूस गात नाही. गायला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. मग दोन मंडळं सोडून एक बेंजो पार्टी आली. एक हातगाडी, एक जनरेटर, दोन भोंगे, बस्स. बेंजोवाला प्रत्येक गाण्याची शेवटची ओळ वाजवायचाच नाही. हात वर करून थांबायचा आणि स्वागत कमानीखालची सगळी माणसं ती ओळ गायची. माझ्या शेजारी एक आजी काठी बगलेत मारून टाळ्या वाजवत होत्या.

परतीच्या वाटेवर चौघांनी ठरवलं, आता अल्बम करायचाच. मी बीट आणि रेकॉर्डिंग बघणार, मावसभाऊ आणि त्याचा कॉलेजातला दोस्त रॅप करणार. चौथी ताई, मावसभावाची थोरली बहीण. तिचा दम आमच्या तिघांपेक्षा मोठा आहे, एका श्वासात आठ ओळी ओढते. नऊ गाणी, ३५ मिनिटांच्या आत, सगळी पार्टीची. पार्टी म्हणजे आमच्या हरिपूर-सांगलीकडची: हळद, वरात, जत्रा, वाढदिवसाला गच्चीवर जमलेली पोरं. मुदत गुढीपाडवा, ३० मार्च.

२२ सप्टेंबर

गृहपाठ म्हणून सगळ्यांनी मिळून जुनं ऐकायचं ठरलं. सुरुवात मुळापासून केली. हिप हॉप, म्हणजे रॅपचं घराणं, जन्मलं तेच मुळी एका घरगुती पार्टीत. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतला सामायिक हॉल. सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यात फक्त ड्रम उरतो त्या तुकड्यावर नाचणारे सगळ्यात जास्त पेटतात हे हर्कने हेरलं होतं. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तोच तुकडा लांबवायला लागला. त्याच्या जोडीचा कोक ला रॉक माईकवरून जमलेल्या दोस्तांची नावं पुकारायचा. रॅपची सुरुवात म्हणजे हे नावं पुकारणं.

मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे आपल्या हळदीतल्यासारखंच की! दहाची नोट दिली की बेंजोवाला मामाचं नाव घेतो तसं."

हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवलंय.

६ ऑक्टोबर

पहिलं गाणं झालं आणि ते वाईट झालं. प्रत्येक मात्रेवर शब्द कोंबलाय. दोघं पोरं एकमेकांच्या वर चढून यमकं टाकतात, कान लावून ऐकलं तर यमकं चांगलीही आहेत. पण आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि विचारलं, "भांडताय का रे?"

टाकून दिलं. १६ ओळींपैकी दोन ठेवल्या:

हळद सांगलीची, हाताला हात लाव,
रंग गेला उतरून तर बदल माझं नाव.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज सकाळी हलगीवाल्या काकांकडे गेलो. काका जत्रेत आणि कुस्तीच्या फडात वाजवतात. त्यांनी आधी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि मग हलगी शेकायला घेतली. अंगणात मूठभर वाळका पाला पेटवला, त्याच्या धगीवर हलगी फिरवत राहिले, मधूनच बोटाने टिचकी मारून कानाजवळ न्यायची, पुन्हा धगीवर धरायची. पहिली टिचकी ओल्या पुठ्ठ्यासारखी वाजली. पाचव्या-सहाव्या फेरीला त्याच कातड्यातून असा खणखणीत आवाज निघाला की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. काडीची कडकड अखंड चालू, टिपरू मधूनमधून बोलतं. मी मनातल्या मनात हिप हॉपचा हिशेब लावत होतो. टिपरू म्हणजे किक (ड्रमचा खालचा जाड ठोका), काडी म्हणजे हाय-हॅट (झांजांची बारीक चकचक), सगळं जागच्या जागी.

काकांच्या घरात हलगी चार पिढ्यांची. पण त्यांच्या आजोबांच्या वेळी हे गावकीचं काम होतं. दवंडी असो, जत्रा असो की कुणाची मयत, बोलावलं की जायचं, मोबदला म्हणजे सुगीला मिळेल ते धान्य. काका म्हणाले, "आमच्या आज्याला कुणी इचारलं न्हाई, वाजवतोस का म्हणून. तुमी इचारलं. वाजवतो."

रात्री चौघं बसून हिशेब ठरवला. रेकॉर्डिंगचे पैसे त्याच दिवशी रोख, अल्बमवर वादक म्हणून पूर्ण नाव, आणि जे काही उत्पन्न येईल त्यात पाचवा वाटा काकांचा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाल्यापासून वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. हलगीचा आवाज पाहिजे आणि हलगीवाला नको, असा अल्बम आम्हाला काढायचा नाही.

२७ ऑक्टोबर

काका आमच्या खोलीत आले. खिडकीला गाद्या, दाराला दोन वाकळा, पंखा बंद. सगळे घामाने निथळत होते. काकांना हेडफोन दिला आणि त्यात १०८ च्या लयीचा (मिनिटाला १०८ ठोके) क्लिक, म्हणजे लय धरायची टकटक, सोडला. पहिला टेक चाळीस सेकंदांत मोडला, दुसराही मोडला. तिसऱ्याला काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ह्ये टकटक माझं ऐकतच न्हाई. मी चढलो तर ह्येनं बी चढाय पायजे."

मी काहीतरी समजावायला गेलो आणि मध्येच थांबलो, कारण ते बरोबर बोलत होते. हलगी एका लयीत राहतच नाही. माणसं पेटली की ती चढते, दमली की सावरून घेते. क्लिक बंद केला. समोर ताईला उभं केलं आणि नाच म्हणालो. काकांनी तिच्या पायांकडे बघत एका दमात ३ मिनिटं २० सेकंद वाजवलं. सुरुवातीची लय १०४, शेवटाला ११३.

नंतरचे चार दिवस मी त्या टेकमधली ९० आवर्तनं एकेक करून मोजली, प्रत्येकाच्या समेवर हाताने खूण केली आणि संगणकातला ड्रम त्या खुणांवर बसवला. म्हणजे आता मशीन काकांच्या मागून चालतं. काम किचकट, पण गाणं पहिल्यांदा जिवंत वाटलं.

५ नोव्हेंबर

दिवाळी संपली. आज सॅम्पलचा (जुन्या रेकॉर्डमधला तुकडा आपल्या गाण्यात घेण्याचा) विषय कायमचा मिटवला. दोस्ताला एका जुन्या लावणीच्या रेकॉर्डमधला ढोलकीचा तुकडा हवा होता. एका कंपनीला सप्टेंबरात मेल केला, सहा आठवडे झाले, पोच सुद्धा नाही.

मी जेवढं वाचून समजून घेतलं ते इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला तरी कामाला येईल. रेकॉर्डमध्ये हक्क दोन असतात. एक त्या ध्वनिमुद्रणाचा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षं. दुसरा शब्दांचा आणि चालीचा, तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे १९५५ ची रेकॉर्ड मुद्रण म्हणून मोकळी झाली तरी गीत मोकळं झालेलं नसू शकतं. "एवढा दोन सेकंदांचा तुकडा चालतो" ही नुसती ऐकीव गोष्ट आहे, कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेच नाही. डी ला सोल या न्यूयॉर्कच्या तिघांचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पलच्या परवानग्यांच्या गुंत्यात इतका अडकला की स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. त्यांच्यातला एकजण त्याच्या काही आठवडे आधीच गेला. ते वाचून दोस्त स्वतःच म्हणाला, "भावा, नको. ढोलकीवाला शोधू."

ढोलकीवाला सापडला, तोही मिरजेतच.

१७ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं आटोपली आणि माणसांची सुरू झाली. गल्लीतल्या एका हळदीत तीन गाणी लावून पाहिली. दोन गाण्यांवर पोरं नाचली, बायका भिंतीला टेकून बघत राहिल्या. तिसऱ्याला तर पोरंही पाणी प्यायला गेली.

त्या तिसऱ्या गाण्यात मावसभावाचा सगळ्यात अवघड, सगळ्यात वेगवान भाग आहे. तो फार निराश झाला. घरी आल्यावर त्याला पोवाड्याची आठवण करून दिली. शाहीर कितीही तेज असला तरी दर दोन-चार ओळींनी थांबतो, आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी' ओढतात. शाहिराला दम घ्यायला मिळतो आणि ऐकणाऱ्याला आत शिरायला जागा मिळते. आमच्या गाण्यांत झील धरायला जागाच नाही. बेंजोवाल्याने शेवटची ओळ सोडली होती, हर्कने गाणं काढून नुसता ड्रम लांबवला होता. आम्ही मात्र अंगण शब्दांनी भरून टाकलं.

नवा नियम: प्रत्येक गाण्यातली चौथी ओळ रिकामी.

२ डिसेंबर

बीस्टी बॉईज या न्यूयॉर्कच्या तिघा रॅपरांचा अल्बम 'लायसन्स्ड टू इल' पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न बोलता ऐकला. पहिला पार्टी अल्बम कसा असतो हे शिकायचं तर याला टाळून चालत नाही. १५ नोव्हेंबर १९८६ ला आला, १३ गाणी, निर्माता रिक रुबिन. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड या अल्बमच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला हा पहिला रॅप अल्बम. तिघंही आधी पंक (वेगवान, दणदणीत रॉक) वाजवणारे, त्यामुळे रॉकच्या गिटारी आणि ८०८ या ड्रम मशीनचा ठोका एकाच ताटात वाढायला त्यांना संकोच वाटला नाही. शिकण्यासारखं खूप आहे. तीन आवाज एकच ओळ वाटून घेतात, एक सुरू करतो, शेवटच्या शब्दाला उरलेले दोघे धडकतात. म्हणजे झीलच. बीटमध्ये एका वेळी तीन-चार गोष्टींच्या वर काही नाही.

ताई मात्र गप्प होती. मग म्हणाली, "यात बायका नाचणाऱ्या नाहीत रे, ज्यांच्यावर बोलायचं त्या आहेत."

ते खरंच आहे, आणि त्या तिघांनीही पुढे ते मान्य केलं. १९९४ च्या एका गाण्यात त्यांच्यातल्या ॲडम याउकने बायकांचा अपमान आता पुरे झाला असं स्पष्ट म्हटलं. पंक बँड असतानाची त्यांची ड्रमर केट शेलनबाख रॅपकडे वळताना बाहेर पडली, त्याबद्दलही त्यांनी नंतर खंत व्यक्त केली. पार्टीसाठी लढा म्हणणारं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं तर तसल्या गाण्यांची नक्कल म्हणून केलं होतं. गर्दीने ते खरं धरलं आणि पुढची काही वर्षं त्यांना तेच बनून राहावं लागलं.

आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत आमच्याच वह्या चाळल्या. ताईने लाल पेनाने ११ ओळी खोडल्या. माझ्या चार होत्या. वाद झाला नाही. हळदीत आजी, आत्या, शाळकरी पोरी सगळ्या असतात. त्यांच्यासमोर तोंड फिरवावं लागेल अशी ओळ आमच्या अल्बमवर नको. तीन गाण्यांची मुख्य बाजू आता ताईकडे.

१५ डिसेंबर

आजचा दिवस विसरणार नाही.

हरिपुरात हळद साठवायची जुनी पेवं आहेत. जमिनीत खोदलेली, तोंड अरुंद, आत पोट मोठं. २००५ च्या महापुरात बरीच गेली, काही उरली. ओळखीच्या एका मालकांचं पेव रिकामं होतं, ते म्हणाले बघा काय करायचं ते. आत कुणी उतरायचं नाही ही त्यांची पहिली अट. बंद पेवात हवा मारक होते, जुनी माणसंही आधी पेटता कंदील सोडून बघायची. आम्ही दोराला बांधून एक छोटा स्पीकर आणि एक माईक खाली सोडला. दोर १५ फूट गेला.

वरून टाळीचा आवाज सोडला. खालून जे परत आलं ते ऐकून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. स्टुडिओतल्या मशीनचा घुमारा गुळगुळीत असतो. हा मातीचा होता, आधी जाड, मग हळूहळू खोल, शेवटाला एक हुंकार. ताईचा आवाज, ढोलकी, टाळ्या असं एकेक करून पेवात सोडलं आणि परत घेतलं. मालक काकू शेजारी धुणं वाळत घालत होत्या, त्या म्हणाल्या, "पेव बोलतंय बघा. हळद असताना मुकं असायचं."

माईकला दोन दिवस हळदीचा वास येत होता.

८ जानेवारी २०२५

८०८ वर आठवडा गेला. रोलँड कंपनीचं हे ड्रम मशीन १९८० ते १९८३ एवढंच बनलं, साधारण १२ हजार नग, आणि त्याचा तो लांब घुमणारा खालचा ठोका अजून जगभर चालतोय. आमच्याकडे अर्थात संगणकातला आवाज आहे. अडचण अशी की ठोका ४९ हर्ट्झवर, म्हणजे फार खालच्या सुरावर लावलाय, खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर सुंदर, मोबाईलवर काहीच नाही. आणि आमचं गाणं पहिल्यांदा ऐकलं जाणार मोबाईलवरच. उपाय: ठोक्याला थोडा खरखरीत केला, म्हणजे ९८ आणि १४७ ला त्याचे वरचे स्वर उमटतात आणि कान खालचा ठोका आपणच भरून घेतो. रिक्षात, मोबाईलवर, मावशीच्या टीव्हीवर ऐकून पाहिलं. आता चालतंय.

१९ जानेवारी

हार्ड डिस्क गेली. दोन गाण्यांचे आवाज गेले, काकांचे टेक दुसरीकडे ठेवले होते म्हणून वाचले. पुन्हा रेकॉर्ड करतोय.

९ फेब्रुवारी

दुसरी हळद, यावेळी दूरच्या नात्यात, तासगावकडे. सातलाच सुरू केलं. दहाला भोंगा बंद करायचा हा नियम आहे आणि तो आम्ही पाळणार. शिवाय पाळल्याने काही बिघडत नाही, अंगणात गाणं पोचायला भिंतीएवढे स्पीकर लागत नाहीत.

तिसरं गाणं आता असं आहे: ताई विचारते, "हळद कुणाला?" आणि दोन आवर्तनं नुसती हलगी. त्या जागेत घरातल्यांनी नवरीचं नाव घ्यायचं. प्रत्येक घरात वेगळं नाव, म्हणून रेकॉर्डवर ती जागा मोकळी. पहिल्या वेळी कुणाला कळलं नाही. दुसऱ्या वेळी नवरीच्या लहान भावाने ओरडून नाव घेतलं. तिसऱ्यांदा सगळं अंगण बोललं. भिंतीला टेकलेलं कुणी राहिलं नव्हतं.

मग एक गोष्ट झाली जी आम्ही लिहिली नव्हती. चौथ्या वेळी नवरीच्या आजीने खुर्चीवरूनच एक वेगळंच नाव घेतलं. सगळे वळून बघायला लागले. ते त्यांचं स्वतःचं, लग्नाआधीचं नाव होतं. लग्नात बदललं होतं. नवरीलाही ते नाव ठाऊक नव्हतं. पुढच्या फेरीला पोरींनी ते नाव घेतलं, आणि आजी हसून पदराने तोंड झाकून बसल्या. गाणं संपल्यावर ताई मंडपामागे जाऊन थोडा वेळ एकटी उभी होती.

पुढच्या एका आत्यांनीही तेच केलं. म्हणजे आता गाणं असंच राहणार.

२३ फेब्रुवारी

मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणं. मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐकलं तर बेंजो गायब! दोन बाजूंना पसरवताना एका बाजूची लाट उलटी झाली होती, एकत्र आल्यावर दोघींनी एकमेकींना खाल्लं. लग्नातले भोंगे बहुतेक मोनोच असतात, म्हणजे नेमकं जिथे वाजायला हवं तिथेच बेंजो वाजला नसता. दुरुस्त केलं. या बेंजोचाही इतिहास गोड आहे: टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य मूळ जपानी ताइशोगोतोवरून आलं, ते १९१२ साली नागोयात बनलं. आज ते आमच्या वरातीतलं इतकं झालंय की परकं म्हणावंसं वाटत नाही.

दोस्ताला अजून जोरात हवं. त्याला दाखवून दिलं: जोर वाढवायला उणे ९ पर्यंत (हे आवाजाच्या पातळीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरात) दाबलेलं गाणं बरेच स्ट्रीमिंगवाले उणे १४ च्या आसपास आणून ठेवतात, म्हणजे साधारण पाच डेसिबल खाली. दाबताना टिपरूचं टोक बोथट होतं ते मात्र परत येत नाही. ऐकून तो गप्प झाला आणि "टिपरू राहू दे" म्हणाला.

१२ मार्च

नावांची यादी पूर्ण. काका, ढोलकीवाले, बेंजोवाला, पेवाचे मालक, वाकळा देणारी मावशी. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड (मुद्रणाचा ओळख क्रमांक) मिळाला. गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या एका वितरकाने तिसरं गाणं परत पाठवलं, शेरा असा: मध्ये आवाज गळालेला दिसतो, तपासा. दुसऱ्याकडे दिलं, सोबत चिठ्ठी जोडली की जागा मुद्दाम मोकळी आहे.

एकूण ९ गाणी, ३१ मिनिटं.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली, दहाला अल्बम आला. काकांच्या अंगणात बसून ऐकला, त्यांनी हेडफोन नको म्हटलं, फोन ताटात ठेवला म्हणजे आवाज वाढतो म्हणाले, आणि खरंच वाढला. शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग तिसरं गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

संध्याकाळी मिरजेच्या बेंजोवाल्याचा फोन आला. येत्या सुपाऱ्यांना वाजवायला शब्दांविना फाईल हवी आहे. पाठवली. वर त्याने सांगून टाकलं, दुसऱ्या आणि सातव्या गाण्याची शेवटची ओळ तो वाजवणार नाही.